ब्लॅक बेल्ट विकत मिळतो, बढती मिळत नाही

गेल्या बकरी ईदला बहिणीकडे इचलकरंजीला गेलो होतो. दुपारचं जेवण उरकल्यावर भाच्यानं आतून एक फ्रेम आणली आणि माझ्या हातात दिली. ‘मामू, ये देखो तो.’ सोनेरी किनार, मधोमध त्याचं नाव, खाली कुणाची तरी वळणदार सही आणि ठळक अक्षरांत ‘लीन सिक्स सिग्मा ब्लॅक बेल्ट’. आपा दारात उभी राहून कौतुकानं माझ्या तोंडाकडे बघत होती.

भाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणमधल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीत लागला आहे. दोन वर्षं झाली, पगार १९ हजार. या कागदासाठी त्यानं ३८ हजार रुपये भरले होते, म्हणजे बरोबर दोन महिन्यांचा पगार. त्यातले २० हजार आपानं बांगडी गहाण ठेवून उभे केले होते, हे मला संध्याकाळी कळलं.

मी विचारलं, कोर्स किती दिवसांचा होता? दोन शनिवार, दोन रविवार, सगळं ऑनलाइन. परीक्षेत नापास किती झाले? ‘कुणीच नाही मामू, सगळे पास.’ प्रोजेक्ट कोणता केलास? तर एका पिझ्झा पोहोचवणाऱ्या दुकानाची केस स्टडी दिली होती, ती सगळ्यांनी भरून दिली. मग मी शेवटचा प्रश्न विचारला, ‘तुझ्या लाइनवर ज्या गेजनं बोअर तपासता, त्याचं गेज आर अँड आर किती आलंय?’

तो गप्प झाला. हा काही अवघड प्रश्न नव्हता. तेच जॉब वेगवेगळ्या माणसांनी, त्याच गेजनं, पुन्हा पुन्हा मोजले तर मापात जो फरक पडतो, त्यातला किती फरक गेजचा आणि मोजणाऱ्याचा आहे, हे त्यातून कळतं. आकडा १० टक्क्यांच्या आत आला तर गेज चांगलं. ३० टक्क्यांच्या वर गेला तर त्या गेजवर विसंबून जॉब पास किंवा रिजेक्ट करण्यात अर्थ नाही. ऑटो क्षेत्रात क्वालिटीचं काम करणाऱ्यासाठी हा पहिल्या इयत्तेतला धडा आहे. भाच्याला सूत्र पाठ होतं. स्वतःच्या लाइनवर त्यानं ते कधी करून पाहिलं नव्हतं, आणि कोर्सवाल्यांनी त्याला करायला सांगितलंही नव्हतं.

भाच्यावर मी रागावलो नाही. राग आला तो ३८ हजार घेणाऱ्यांचा. आणि थोडा आपलाही आला, कारण गेल्या काही वर्षांत आपल्या मोहल्ल्यांतून अशी पोरं मला सारखी भेटतायत. कुणी पाच सर्टिफिकेटं जोडलेला बायोडाटा पाठवतो, कुणी विचारतो की अजून कोणतं सर्टिफिकेट केलं तर बढती मिळेल. या प्रश्नाचं उत्तर मी आजवर तोंडदेखलं देत आलो. आज स्पष्ट लिहितो.

मी स्वतः डिप्लोमावाला. सुरुवात कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत झाली, मग भोसरी, मग चाकण. क्वालिटी आणि प्रॉडक्शन इंजिनिअरिंगमध्ये २६ वर्षं काढली. त्यातली शेवटची नऊ वर्षं मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसतोय. माझं म्हणणं असं : बाजारात इंजिनिअरला विकली जाणारी बहुतेक सर्टिफिकेटं त्याला पुढे नेत नाहीत. थोडी नेतात, आणि ज्याच्या पाठीशी कुणी नाही अशा माणसाला ती सगळ्यात जास्त नेतात. या दोन्हींतला फरक ओळखता आला नाही, तर घरातलं सोनं असंच गहाण पडत राहील.

बेल्ट कुठून आला?

सिक्स सिग्मा मोटोरोला कंपनीत जन्मली, १९८६ साली. बिल स्मिथ नावाच्या इंजिनिअरनं ती मांडली. दहा लाख संधींमागे ३.४ पेक्षा जास्त दोष नसावेत, हे तिचं प्रसिद्ध उद्दिष्ट. १९९५ मध्ये जॅक वेल्च यांनी ती जनरल इलेक्ट्रिकमध्ये आणली. तिथे व्यवस्थापनातल्या बढतीसाठी ग्रीन बेल्टच्या प्रशिक्षणाची अट घातली गेली. त्यामुळे जगभर समज पसरला की बेल्ट घेतला की बढती मिळते.

पण तिथे बेल्ट कसा मिळायचा ते कुणी सांगत नाही. तो कंपनीच्या आत मिळायचा, कंपनीचंच दुखणं घेऊन केलेल्या प्रोजेक्टवर. किती पैसे वाचले याचा हिशेब मांडावा लागायचा. म्हणजे कागद कामाच्या मागून यायचा. आपल्याकडे कागद आधी आला आणि काम मागे राहिलं.

दुसरी गोष्ट, ‘ब्लॅक बेल्ट’ या शब्दावर जगात कुणा एकाची मालकी नाही. अमेरिकेतली एएसक्यू ही संस्था १९४६ पासून गुणवत्तेच्या क्षेत्रात आहे. तिची ब्लॅक बेल्टची परीक्षा द्यायची तर पूर्ण केलेले दोन प्रोजेक्ट सहीशिक्क्याच्या प्रतिज्ञापत्रासह दाखवावे लागतात, किंवा एक प्रोजेक्ट आणि तीन वर्षांचा अनुभव. त्यानंतर परीक्षा, आणि परीक्षेत लोक नापास होतात. शेजारच्या गल्लीतला क्लासवाला फक्त क्यूआर कोड पुढे करतो. पण दोघांच्या कागदावर शब्द एकच छापलेला असतो. विकत घेणाऱ्याला फरक कळत नाही. मुलाखत घेणाऱ्याला मात्र दोन मिनिटांत कळतो.

वकिलाला वकिली करायची तर १९६१ च्या कायद्याप्रमाणे बार कौन्सिलची सनद लागते. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे. डॉक्टरला नोंदणीशिवाय दवाखाना उघडता येत नाही. कारखान्यात काम करणाऱ्या मेकॅनिकल इंजिनिअरला मात्र आपल्या देशात अशी सर्वसाधारण सनद नाही. पदवी किंवा डिप्लोमा झाला की तो इंजिनिअर. त्यापुढे तो किती पाण्यात आहे हे सांगणारी सरकारमान्य पट्टी नाही. ही जागा रिकामी असल्यामुळेच तिथे दुकानं लागली.

माझ्या फायलीतही असा एक कागद आहे. इंटर्नल ऑडिटरचा दोन दिवसांचा कोर्स. आम्ही बावीस जण होतो. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर एक सहकारी सरळ झोपला, चहाला उठला. त्याचं आणि माझं सर्टिफिकेट एकाच दिवशी, एकाच सहीचं आहे.

बढती कशानं मिळाली?

शिरोलीच्या फाउंड्रीत मी तिसऱ्या वर्षाला होतो. एका ब्रॅकेटच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल येत होते. ग्राहकाकडे मशिनिंग करताना ते उघडे पडायचे आणि अख्खी लॉट परत यायची. सगळे मोल्डिंगवाल्यांना शिव्या द्यायचे. मी एक शाळकरी वही घेतली आणि सहा आठवडे परत आलेल्या प्रत्येक कास्टिंगवरचा हीट कोड लिहून ठेवला. खराब कास्टिंगपैकी बहुतेक सकाळच्या पहिल्या हीटची निघाली. मग कारण सापडायला वेळ लागला नाही. पहिली शिफ्ट ७ ला सुरू व्हायची आणि वाळूतली ओल तपासणारा माणूस जनरल शिफ्टला, ९ वाजता यायचा. पहिले दोन तास साचे अंदाजपंचे वाळूत बनत होते. त्या माणसाची वेळ बदलली आणि मोल्डिंग सुरू होण्याआधी ओलीची तपासणी सक्तीची केली. दोन महिन्यांत ब्रॅकेटचं परत येणं जवळजवळ थांबलं.

मला सीनियर इंजिनिअर केलं ते त्या वहीमुळे. कुणी विचारलं नाही की तुझ्याकडे कोणता बेल्ट आहे. सिक्स सिग्मा हा शब्द मी तोवर ऐकलासुद्धा नव्हता.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगतो. दहाएक वर्षांनी चाकणला असताना ग्राहक कंपनीनं मागितलं म्हणून मी ग्रीन बेल्ट केला. कंपनीच्या पैशानं, कंपनीच्या प्रोजेक्टवर. तेव्हा कळलं की वहीत जे केलं होतं त्याला नाव आहे, पायऱ्या आहेत, आणि मी ज्या दोन पायऱ्या गाळल्या होत्या त्यामुळे काय धोका होता. ती नावं शिकण्याचा उपयोग झाला. ग्राहकाच्या इंजिनिअरशी त्याच्या भाषेत बोलता यायला लागलं. म्हणजे सर्टिफिकेटानं मला काम शिकवलं नाही, केलेल्या कामाला शिस्त आणि भाषा दिली. हेही थोडं नाही. पण काम नसतं तर भाषा कशाला लावली असती?

कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअर वर चढतो तो चारपाच गोष्टींवर. लाइनचं रिजेक्शन किती उतरवलं. सेटिंगचा वेळ किती कमी केला. नवीन पार्टचं पीपीएपी वेळेत आणि पहिल्या फेरीत पास झालं का. ग्राहकाची तक्रार आली तर तिचं मूळ कारण शोधून ती कायमची बंद केली का. सप्लायरच्या दारात उभं राहून त्याच्याकडून काम करून घेता येतं का. यातलं काहीही दोन वीकएंडमध्ये शिकवता येत नाही.

मुलाखतीला एकदा एक तरुण आला. बायोडाटाला सहा सर्टिफिकेटं जोडलेली. मी समोर एक ड्रॉइंग ठेवलं आणि एका होलच्या पोझिशन टॉलरन्सच्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, हे काय सांगतं? त्याला सांगता आलं नाही. त्याच्यानंतर आलेल्याकडे एकही सर्टिफिकेट नव्हतं. तो म्हणाला, ‘सर, आमच्याकडे हे मोजायला सीएमएम नव्हता, म्हणून आम्ही फंक्शनल गेज बनवलं,’ आणि माझंच पेन घेऊन त्यानं गेजचं चित्र काढून दाखवलं. कुणाला घेतलं हे सांगायची गरज नाही. पहिल्या पोराचं तोंड मला अजून आठवतं. फसवणूक त्यानं केली नव्हती, त्याची झाली होती.

जो कागद खरोखर दार उघडतो

आता दुसरी बाजू. माझा मिरजेचा एक दोस्त, आयटीआय वेल्डर. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल.

वेल्डरचा कागद कसा असतो ते आधी बघा. प्रेशर व्हेसल किंवा पाइपलाइनच्या कामात एएसएमईच्या सेक्शन नाइनप्रमाणे वेल्डरची परीक्षा होते. तो प्लेट किंवा पाइप जोडून देतो. तो जोड वाकवून पाहतात किंवा त्याचा एक्स-रे काढतात. जोड टिकला तर वेल्डर पास. आणि पास झालेल्यानं त्या पद्धतीनं सहा महिने वेल्डिंग केलंच नाही, तर त्याची पात्रता संपते. पुन्हा हात दाखवा. हात चालू आहे तोवरच कागद चालू, इतका सरळ नियम.

दोस्त वेल्डिंग करता करता तपासणीकडे वळला. एनडीटीमध्ये लेव्हल टू झाला, अल्ट्रासॉनिक आणि रेडिओग्राफी. इथे त्याला एक ठोकर बसली, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. त्याचं लेव्हल टू एसएनटी-टीसी-१ए या पद्धतीचं होतं. या पद्धतीत सर्टिफिकेट मालक कंपनी देते. कंपनी सोडली की ते तिथेच राहतं, नव्या कंपनीनं पुन्हा द्यायचं असतं. त्याला हे नोकरी सोडल्यावर कळलं. आयएसओ ९७१२ प्रमाणे त्रयस्थ संस्थेकडून मिळणारं सर्टिफिकेट वेगळं, ते माणसाबरोबर चालतं. फी भरण्याआधी हा एक प्रश्न विचारला असता तर त्याचं एक वर्ष वाचलं असतं.

मग त्यानं ब्रिटनच्या टीडब्ल्यूआयचं सीएसडब्ल्यूआयपी ३.१, म्हणजे वेल्डिंग इन्स्पेक्टरचं सर्टिफिकेट काढलं. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास, इंग्रजीशी झटापट. पहिल्यांदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास. आज तो सौदीत जुबैलला इन्स्पेक्टर आहे. इथे मिळायचा त्याच्या कितीतरी पट पगार आहे. कोकणातल्या, मिरज-सांगलीतल्या अनेक घरांत हा कागद काय करू शकतो ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि पाच वर्षांनी तोही संपतो, नूतनीकरण करावं लागतं.

हा कागद का चालला? कारण तिथे क्लायंटच्या करारातच लिहिलेलं असतं की इन्स्पेक्टरकडे अमुक सर्टिफिकेट पाहिजे. नसेल तर मान्यता मिळत नाही. साहेबाला माणूस आवडो न आवडो, कागद त्याच्या कामाची अट आहे. बॉयलरवरच्या माणसाचंही तेच. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचं प्रमाणपत्र कायद्याच्या चौकटीतून येतं, कारण बॉयलर फुटला तर माणसं मरतात. ऊर्जा संवर्धनाचा २००१ चा कायदा आहे. त्याप्रमाणे जास्त वीज-इंधन खाणाऱ्या नेमून दिलेल्या उद्योगांना पात्र एनर्जी मॅनेजर ठेवावा लागतो, आणि त्याची राष्ट्रीय परीक्षा होते. वाहन उद्योगात आयएटीएफ १६९४९ सांगतं की तुमचे अंतर्गत ऑडिटर सक्षम आहेत हे दाखवा. त्यात एफएमईए, एसपीसी यांसारखी कोअर टूल्स समजणं आलं. नुसती कोर्सची हजेरी तिथे पुरत नाही.

‘काम बोलतं’ म्हणणाऱ्यांना

काही अनुभवी लोक दुसऱ्या टोकाला जाऊन सांगतात, ‘अरे, कागदाला काय चाटायचंय? काम बोलतं.’ वर मी माझ्या वहीची गोष्ट सांगितली, त्यावरून मीही त्यांच्यातलाच वाटेन. पण नाही.

काम बोलतं, हे कबूल. पण ते ऐकायला कुणीतरी समोर असावं लागतं. ज्याच्या कॉलेजचे दहा सीनियर त्याच कंपनीत आहेत, ज्याचा काका परचेस मॅनेजर आहे, त्याचं काम लवकर ऐकू येतं. इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगाराच्या पोराचा बायोडाटा आधी उघडला तर गेला पाहिजे.

आणि आपल्या वाचकांना नावाचा प्रश्न वेगळा सांगायला नको. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आला. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फक्त नावं वेगळी ठेवली : उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश निघालं, तर मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश.

या अभ्यासातले अर्ज सारख्या पात्रतेचे होते, हे नीट लक्षात घ्या. म्हणजे बायोडाटाला अजून चार कागद जोडले की नावाचं ओझं उतरतं, हा भ्रम आहे. पण याच अभ्यासातून मी दुसराही धडा घेतो. जिथे निवड साहेबाच्या मर्जीवर सोडलेली असते तिथे नाव आड येतं. जिथे त्रयस्थ परीक्षा असते, जोडाचा एक्स-रे असतो, करारातली अट असते, तिथे मर्जीला जागा कमी उरते. एक्स-रेच्या फिल्मवर वेल्डरचं आडनाव दिसत नाही. म्हणून खरं सर्टिफिकेट इतर कुणापेक्षा आपल्या पोरांच्या जास्त कामाचं आहे.

आणि म्हणूनच विकतचं सर्टिफिकेट आपल्याच पोरांचं जास्त नुकसान करतं. मुलाखत घेणाऱ्याच्या मनात आधीच किंतु असेल आणि हातात पोकळ ब्लॅक बेल्ट पडला, तर त्याच्या किंतुला पुरावा मिळतो. वशिल्याच्या पोराचा पोकळ कागद खपून जातो. आपल्याचा खपत नाही. हा अन्याय आहेच, पण तो माहीत असताना आपण स्वतःहून त्यांच्या हातात काठी का द्यावी?

कंपन्यांनाही यातून सोडता येणार नाही. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘या वर्षी एक सर्टिफिकेशन पूर्ण करणे’ असं लिहितात. सुट्टी मागितली की लाइन कोण बघणार म्हणतात, फी मागितली की बॉण्ड पुढे करतात. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात ट्रेनिंगच्या हजेरीपत्रकावर रांगेनं सह्या घेताना मी पाहिलं आहे, आणि त्यातली एक सही माझीही होती. कागद लागतो तो कंपनीला, आणि पैसे भरतो १९ हजारांवर राबणारा पोरगा. कागद कंपनीच्या ऑडिटसाठी असेल तर पैसे कंपनीनं भरावेत, हे म्हणायला आपण शिकलं पाहिजे.

फी भरण्याआधी तीन प्रश्न

पहिला, हा कागद मागतं कोण? कायदा, ग्राहकाचा करार की फक्त कोर्सवाल्याची जाहिरात? ज्या कामात जायचंय त्याच्या वीस जाहिराती काढा आणि किती जणांनी तो मागितलाय ते मोजा. शक्य असेल तर त्या जागेवर बसलेल्या एका माणसाला फोन करा.

दुसरा, परीक्षेला बसण्याआधी काय दाखवावं लागतं आणि परीक्षेत कुणी नापास होतं का? अनुभव लागत नाही, प्रोजेक्ट लागत नाही, हात दाखवावा लागत नाही आणि सगळे पास होतात, तर ते सर्टिफिकेट नव्हे. ती फीची पावती आहे.

तिसरा, हा कागद कधी संपतो आणि नोकरी बदलली तर कुणाकडे राहतो? ‘आजीवन वैध’ असं ज्याच्यावर लिहिलंय, त्याच्याकडे जरा संशयानं बघा.

तिन्ही प्रश्नांत पास झालेला कागद असेल तर कर्ज काढूनही करा, मी अडवणार नाही. नसेल तर तेच पैसे आणि तोच वेळ ड्रॉइंग नीट वाचायला शिकण्यात घाला, सीएमएमचा प्रोग्राम करायला शिकण्यात घाला. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलवरचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची तर फी हजाराच्या घरात. तोही कागदच, पण बांगडी गहाण पडत नाही आणि शिकवणारा विषय जाणतो. औरंगाबादच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी मशीनवर हात बसतो. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एक वही. आपल्या लाइनचं एक दुखणं धरा, रोज लिहा, तीन महिन्यांनी साहेबासमोर ठेवा.

आपल्या मोहल्ल्यांतल्या संस्थांनाही एक विनंती. दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो, ट्रॉफ्या वाटल्या जातात, भाषणं होतात. एका वर्षाच्या ट्रॉफ्यांच्या पैशात चारपाच पोरांची खऱ्या परीक्षेची फी निघेल. फी आधी देऊ नका. परीक्षेला बसला आणि पास झाला की परत करा. आणि कारखान्यातून रिटायर झालेले जे चाचा दुपारी कट्ट्यावर बसतात, त्यांच्यातले निम्मे टर्नर, फिटर, इन्स्पेक्टर होते. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांनी पोरांना व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि ड्रॉइंग शिकवलं तर कुठल्या क्लासची पायरी चढावी लागणार नाही. डिप्लोमा करणाऱ्या मुलींनाही तिथे बसायला जागा ठेवा. त्यांना तर लाइनवर उभं राहायची संधीच कमी मिळते.

भाच्याचं काय झालं? ईदनंतर तो चाकणला परतला आणि त्यानं त्या बोअर गेजचं काम हातात घेतलं. दहा जॉब, तीन ऑपरेटर, प्रत्येकी तीन वेळा, म्हणजे ९० मापं. जेवणाच्या सुट्टीत आणि शिफ्ट सुटल्यावर चार दिवस बसून घेतली. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, ‘मामू, ३४ टक्के.’ म्हणजे ज्या गेजवर विसंबून ते रोज जॉब बाजूला काढत होते, त्याच्यावर विश्वास ठेवण्यासारखा नव्हता. रिजेक्टच्या पेटीत चांगले जॉबही जात होते. साहेबानं आधी झटकलं, मग आकडे पाहिले, मग गेज बदललं. पुढच्या ग्राहक ऑडिटच्या वेळी त्या स्टेशनवर माहिती द्यायला भाच्याला उभं केलं.

बढती अजून मिळालेली नाही, आणि मिळेलच असं वचन मी त्याला दिलेलं नाही. पण आता कुणी विचारलं की तू काय केलंस, तर त्याच्याकडे उत्तर आहे. फ्रेम अजून आपाच्या भिंतीवर आहे. बांगडी अजून सुटायची आहे.